बोलता येते, तरी अभ्यास का जमत नाही? स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांविषयी

प्रश्न एका माध्यमिक शिक्षकाचा आहे. त्यांच्या शाळेत परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांची संख्या मोठी आहे. ही मुले वर्ष-दीड वर्षात शाळेची भाषा सफाईने बोलू लागतात, खेळात आणि मैत्रीत रमतात, काही जण सुरुवातीला गणितात इतरांच्या पुढेही असतात. परंतु वरच्या इयत्तांत गेल्यावर त्यांचे गुण घसरतात आणि पुढे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना कमी प्रतीच्या समजल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांकडे वळवले जाते. काही सहकारी याचे कारण पालकांची अनास्था सांगतात, काही मुलांचा आळस, तर काही ‘संस्कृतीतला फरक’ एवढे म्हणून विषय संपवतात. खरे कारण काय आणि त्यातले शाळेच्या हातात किती आहे, असे त्यांनी विचारले आहे.

नव्याने आलेल्या मुलांना शाळेची भाषा शिकवण्याचे आणि त्यांच्या विषयशिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे काम मी दीर्घकाळ करीत आले आहे. माझे मत असे की या मुलांना अभ्यासाच्या भाषेत स्थिरावायला जितका काळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी शाळा त्यांच्याविषयीचे महत्त्वाचे निर्णय घेऊन मोकळी होते. गरिबी, भाषा, पूर्वग्रह, घरातला ताण ही कारणे खरी आहेत आणि मी त्यांच्याकडे येणारच आहे. मात्र या अडचणी तात्पुरत्या राहणार की मुलाच्या पुढच्या आयुष्याला चिकटणार, हे बहुधा या कालविसंगतीवर ठरते.

आधी आकड्यांकडे पाहू, कारण या विषयावर आकड्यांशिवाय ठाम बोलणारे फार भेटतात. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या ‘पीसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत ज्यांचे आई आणि वडील दोघेही दुसऱ्या देशात जन्मले आहेत अशा पंधरा वर्षांच्या मुलांना स्थलांतरित पार्श्वभूमीचे विद्यार्थी मानतात. मूल स्वतः परदेशात जन्मले असेल तर ते पहिल्या पिढीचे, चाचणी होते त्याच देशात जन्मले असेल तर दुसऱ्या पिढीचे. २०१८ मध्ये सदस्य देशांत सरासरी १३ टक्के विद्यार्थी या व्याख्येत बसत होते. २००९ मध्ये हेच प्रमाण १० टक्के होते. २०२२ च्या चाचणीत गणितात स्थलांतरित नसलेले विद्यार्थी सरासरी २९ गुणांनी पुढे होते. परंतु कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती आणि घरी बोलली जाणारी भाषा या दोन गोष्टी हिशेबात घेतल्यावर ते अंतर अवघ्या ५ गुणांवर आले. म्हणजे ‘संस्कृती’ नावाच्या मोघम कारणासाठी फारशी जागाच उरत नाही. अर्थात, संख्याशास्त्रज्ञ गरिबी आणि भाषा हिशेबातून वजा करू शकतो, मुलाला ती सोय नसते. त्याला दोन्ही घेऊनच वर्गात बसावे लागते.

शिवाय ही सरासरी देशादेशांतला मोठा फरक झाकते. कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, व्यवसाय आणि भाषा यांना गुण देऊन स्थलांतरितांची निवड करण्याची पद्धत आणली. ऑस्ट्रेलियातही कौशल्यावर आधारित निवडीचा वाटा मोठा आहे. या देशांत स्थलांतरितांची मुले स्थानिक मुलांच्या बरोबरीने, तर काही वेळा त्यांच्याहून सरस गुण मिळवतात. याउलट पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले, तेव्हा त्यांच्या शालेय शिक्षणाला महत्त्व नव्हते. १९७३ मध्ये भरती थांबली, त्यानंतर बायकामुले आली, आणि ही मंडळी एक दिवस परत जातील या समजुतीत शाळांनी पुष्कळ वर्षे घालवली. दोन्हीकडची मुले स्थलांतरितांचीच. तेव्हा एखाद्या देशातल्या मुलांचे निकाल पाहून त्यांच्या मूळ समाजाविषयी अनुमान काढण्याआधी त्या देशाने कोणाला आणि कशासाठी आत घेतले, हे पाहिले पाहिजे.

आता प्रश्नातल्या मुख्य कोड्याकडे येऊ. मूल छान बोलते, तरी अभ्यासात मागे का पडते?

कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दैनंदिन संभाषणाचे प्रावीण्य आणि शालेय अभ्यासासाठी लागणारे भाषिक प्रावीण्य यांत भेद केला, आणि १९८१ मध्ये टोरांटोच्या शाळांतील नोंदींच्या आधारे दाखवले की पहिले साधारण दोन वर्षांत येते, दुसऱ्यात समवयस्कांच्या बरोबरीला येण्यास मात्र पाच ते सात वर्षे लागतात. २००० मध्ये केंजी हाकुटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडी प्रावीण्यासाठी तीन ते पाच आणि शैक्षणिक भाषेसाठी चार ते सात वर्षे असा अंदाज मांडला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकड्यांत थोडा फरक आहे, पण दोन्हींचा रोख एकच आहे. कमिन्स यांच्या या विभागणीवर टीकाही झाली. भाषेचे असे दोन कप्पे करता येत नाहीत, असे काही अभ्यासक म्हणतात. तो वाद सैद्धांतिक पातळीवर योग्यच आहे. परंतु वर्गात जे रोज दिसते त्याचा उलगडा या भेदाने जितका होतो, तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

मैदानावरच्या किंवा मधल्या सुट्टीतल्या बोलण्याला संदर्भाचा आधार असतो. समोरचा माणूस दिसतो, हातवारे असतात, वस्तू डोळ्यांपुढे असते, न समजल्यास पुन्हा विचारता येते. खालच्या इयत्तांतल्या पाठ्यपुस्तकांतही चित्रे असतात, वाक्ये छोटी असतात आणि विषय रोजच्या अनुभवातले असतात. साधारण चौथी-पाचवीपासून पुस्तकाची भाषा बदलते. चित्र कमी होते, कर्ता नाहीसा होतो, क्रियापदांची नामे होतात, आणि ‘परिणामी’, ‘तथापि’, ‘याव्यतिरिक्त’, ‘गृहीत धरल्यास’ अशा शब्दांवर संपूर्ण परिच्छेदाचा अर्थ तोललेला असतो. विज्ञानाच्या पुस्तकातील ‘प्रकाशसंश्लेषणाचा दर कोणत्या घटकांवर अवलंबून असतो’ या प्रश्नात अवघड पारिभाषिक शब्द एकच आहे, आणि तो शिक्षक फळ्यावर लिहून समजावतात. ‘दर’, ‘घटक’ आणि ‘अवलंबून असणे’ हे मात्र कोणी समजावत नाही, कारण ते सर्वांना येतात असे धरलेले असते. माझा अनुभव असा की नवागत मुले पारिभाषिक शब्दांवर सहसा अडत नाहीत. ती या मधल्या थरातल्या शब्दांवर अडतात, आणि आपण नेमके कशावर अडलो हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

‘निदान गणिताला तरी भाषा लागत नाही’ हा समज तर फारच पक्का आहे. नवागत मूल पहिल्या काही महिन्यांत गणितात चमकते, कारण तेव्हा समोर आकडेमोड असते आणि आधीच्या शाळेत त्याने ती शिकलेली असते. पुढे शाब्दिक उदाहरणे येतात. टाकीतील पाणी दर तासाला एक-पंचमांशाने कमी होणे आणि दर तासाला एक-पंचमांश होणे, यांतला भेद ज्याला वाचताना जाणवत नाही, त्याची गुणाकार-भागाकाराची हातोटी कितीही चांगली असली तरी त्याचे उत्तर चुकणारच. शिक्षकाला चुकलेले उत्तर दिसते. चूक गणिताची की वाचनाची, हे उत्तरपत्रिकेवर लिहिलेले नसते. मग अहवालात नोंद होते: ‘गणितात प्रगती मंदावली आहे.’

याला आणखी एक बाजू आहे, जिचा विचार शिक्षकही क्वचितच करतात. स्थानिक मुले एका जागी थांबून नवागताची वाट पाहत नाहीत. त्यांचीही भाषा दरवर्षी एका इयत्तेने पुढे सरकते. एखादे मूल अभ्यासाच्या भाषेत तीन इयत्ता मागे असताना वर्गात आले आणि सहा वर्षांत बरोबरीला यावे अशी अपेक्षा ठेवली, तर त्याला दरवर्षी एक नव्हे, दीड इयत्तेइतकी प्रगती करावी लागेल, आणि तीही सलग सहा वर्षे. वर्गातल्या इतर कोणाही मुलाकडून आपण असे काही मागत नाही. तेव्हा जे मूल दरवर्षी पूर्ण एक इयत्ता पुढे जाते, म्हणजे खरे तर सर्वांइतकेच शिकते, तेही शेवटपर्यंत तितकेच मागे दिसते आणि त्याच्यावर ‘प्रगती नाही’ असा शेरा पडतो.

आणि नेमक्या याच काळात त्याची मदत काढून घेतली जाते. बहुतेक व्यवस्थांत भाषासाहाय्याचे तास वर्ष-दोन वर्षांसाठी असतात, आणि मूल अस्खलित बोलू लागले की ते थांबवण्यास कोणाची हरकत नसते. खर्च वाचतो, मुलालाही वेगळ्या वर्गातून सुटल्यासारखे वाटते, पालकांनाही ती प्रगतीची खूण वाटते. त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘बोलतो तर इतका छान, लिहायचे म्हटले की कंटाळा करतो.’ आळसाचा आरोप जन्मतो तो इथे. ज्या मुलाला भाषा येतच नाही त्याच्याबद्दल शिक्षक सहनशील असतात. जे अर्धवट येण्याच्या टप्प्यावर आहे त्याच्याबद्दल नसतात.

पालकांच्या अनास्थेचा मुद्दा तपासायला स्वीडनमधील एक अभ्यास उपयोगी आहे. अँडर्स ब्योल्मार्क यांनी २००८ मध्ये तेथील नोंदींच्या आधारे स्थलांतरित कुटुंबांतील सख्ख्या भावंडांची तुलना केली. घर तेच, आईवडील तेच. फरक इतकाच की देशात पाऊल ठेवताना एक भावंड लहान होते आणि दुसरे मोठे. साधारण नऊ वर्षांच्या वयानंतर आलेल्या मुलांचे शालेय निकाल, वय जसजसे वाढत जाते तसतसे, ठळकपणे खालावत गेलेले त्यांना आढळले. पालकांना शिक्षणाची पर्वा नसणे हे मुख्य कारण असते, तर दोन्ही भावंडांना ते सारखेच बाधायला हवे होते. मोठ्याला कमी पडली ती शालान्त परीक्षेपूर्वी हाताशी असलेली वर्षे.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. काही अमेरिकी अभ्यासांत आठ ते अकरा या वयात आलेली मुले अभ्यासाची नवी भाषा सर्वांत वेगाने आत्मसात करताना दिसली, अगदी पाच-सहा वर्षांच्या मुलांपेक्षाही वेगाने. कारण त्यांना आपल्या पहिल्या भाषेत वाचता-लिहिता येत होते. परिच्छेद म्हणजे काय, कारण आणि परिणाम कसे मांडतात, हे त्यांना पुन्हा शिकावे लागले नाही. तेरा-चौदाव्या वर्षी येणाऱ्या मुलांकडेही हे भांडवल असते, पण ते वापरायला वेळ उरलेला नसतो. सर्वांत कठीण अवस्था असते ती ज्यांचे शिक्षण युद्धामुळे किंवा निर्वासित छावण्यांतल्या वास्तव्यामुळे मध्येच तुटले त्यांची. वय चौदा, वाचन दुसरीच्या मुलाइतके, आणि तेही कोणत्याच भाषेत पुरते नाही. अशा मुलाला वयानुसार नववीत बसवणे आणि त्याला ‘भाषेची अडचण’ आहे असे म्हणणे ही दिशाभूल आहे. त्याला नवी भाषा शिकण्याआधी वाचायला शिकायचे आहे, आणि माध्यमिक शाळेत ते शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक बहुधा नसतोच.

आता शाळेच्या घड्याळाकडे वळू. जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचे असताना, पुढची शाळा ठरते: विद्यापीठाकडे नेणारी गिम्नाझिउम की अन्य प्रकारची. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे हा टप्पा सहावीनंतर येतो. जे मूल सात वर्षांचे असताना त्या देशात आले, त्याच्यासाठी हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या शेवटी होतो. अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षे लागत असतील, तर निम्म्या वाटेवर असतानाच त्याला मुक्कामाचे ठिकाण नेमून दिले जाते. पुढे दिशा बदलता येते, नाही असे नाही. परंतु बदलण्यासाठी जे ज्ञान लागते ते दुसऱ्या वाटेवरच्या अभ्यासक्रमात शिकवलेच जात नाही. पीसाच्या पहिल्या फेरीचे निकाल २००१ च्या डिसेंबरात आले, तेव्हा जर्मनीत मोठी खळबळ उडाली आणि कौटुंबिक पार्श्वभूमीचा निकालांवरील प्रभाव सार्वजनिक चर्चेत आला. त्यानंतर बालवाडीपासून भाषेकडे लक्ष देण्याचे प्रयत्न वाढले. दहाव्या वर्षीची विभागणी मात्र बहुतेक ठिकाणी कायम राहिली.

निर्णय लवकर होतो, हा दोष निम्मा. तो कशाच्या आधारे होतो, हा उरलेला निम्मा. मानहाइम विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भावी शिक्षकांना एकच श्रुतलेखन तपासायला दिले. काहींच्या प्रतीवर माक्स हे जर्मन नाव होते, काहींच्या प्रतीवर मुरात हे तुर्की. चुका मोजण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही, श्रेणी मात्र मुरातला कमी मिळाली. मला या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते: डोळ्यांनी चुका बरोबर मोजल्या, निष्कर्ष मात्र नावाने काढला. यांतले बहुतेक जण स्वतःला पूर्वग्रहदूषित मानत नसणार. ब्रिटनमध्ये वेस्ट इंडियन कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या रॅम्पटन समितीने १९८१ च्या अंतरिम अहवालात शिक्षकांच्या नकळत बाळगलेल्या कमी अपेक्षांचा उल्लेख कारणांमध्ये केला होता, तेव्हा शिक्षकवर्गात नाराजी उमटली होती. आजही मी प्रशिक्षणात हा विषय काढते तेव्हा तीच नाराजी दिसते, आणि ती मी समजू शकते. कारण कमी अपेक्षा बहुधा कणवेच्या रूपात येते. ‘त्याला एवढा ताण कशाला, सोप्या शाखेत आनंदात राहील,’ असे म्हणणारा शिक्षक वाईट नसतो. तो फक्त मुलाच्या वतीने निर्णय घेऊन टाकतो.

कमी अपेक्षा पुढे मुलाच्याही अंगवळणी पडते. इटलीत स्थलांतरितांची हुशार मुले, तितकेच गुण असलेल्या स्थानिक मुलांच्या तुलनेत, तांत्रिक आणि व्यावसायिक शाखांकडे अधिक वळतात. तेथील एका कार्यक्रमात सातवी-आठवीतल्या अशा गुणी विद्यार्थ्यांना मार्गदर्शक आणि शिकवणी देण्यात आली, तेव्हा विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत हे अंतर बऱ्याच अंशी मिटले आणि त्यांच्याविषयी शिक्षकांच्या शिफारशीही बदलल्या. क्षमता आधीही होतीच. आपल्यासारख्याने तिकडे जायचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याच्या पलीकडचा अन्याय म्हणजे भाषेच्या अडचणीला बौद्धिक कमतरता समजणे. कॅलिफोर्नियातील एका खटल्यात १९७० साली झालेल्या तडजोडीमागे नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुले होती. इंग्रजीतील बुद्ध्यंक चाचणीच्या आधारे त्यांना मतिमंदांच्या वर्गात घातले होते. स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांतील बहुतेक मुले त्या वर्गात बसण्यास पात्रच नव्हती असे दिसले. आता इतके उघड प्रकार कमी झाले आहेत, पण उलट दिशेची चूक वाढली आहे: खरोखर वाचनदोष असलेल्या मुलाला ‘भाषा आली की सुधारेल’ म्हणून वर्षानुवर्षे तसेच ठेवतात. दोन्ही चुका टाळण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मूल त्याच्या घरच्या भाषेत कसे बोलायला लागले, त्या भाषेत वाचायला शिकताना त्याला अडथळे आले का, हे दुभाष्याच्या मदतीने पालकांना विचारणे. अडचण दोन्ही भाषांत असेल तर तज्ज्ञांकडे पाठवावे; एकाच भाषेत असेल तर आणखी शिकवावे.

पालकांविषयी थोडे. स्थलांतरित कुटुंबांच्या शैक्षणिक आकांक्षा त्याच आर्थिक स्तरातल्या स्थानिक कुटुंबांपेक्षा अनेकदा अधिक असतात. मुलांसाठी देश सोडणारा माणूस मुलांच्या शिक्षणाबद्दल उदासीन असेल, हे मुळातच विसंगत आहे. तो पालकसभेला येत नाही याची कारणे वेगळी असतात: कामाच्या पाळ्या, भाषेचा संकोच, आणि पुष्कळदा ही धारणा की शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे आणि त्यात लुडबूड करणे म्हणजे त्याचा अनादर. काहींच्या मनात वास्तव्याच्या कागदपत्रांची धास्ती असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये टेक्सासमधील खटल्यात कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. प्रवेशाचा प्रश्न त्याने सुटला, शाळेच्या कार्यालयात जाऊन तक्रार करण्याचे धैर्य त्याने येत नाही.

आकांक्षा आहे, पण नकाशा नाही, अशी या पालकांची स्थिती असते. कोणता विषय सोडला तर कोणते दार बंद होते, शिक्षकाची शिफारस बंधनकारक असते का, तिच्यावर हरकत घेता येते का, हे नियम छापलेले असले तरी त्यांचा खरा अर्थ स्थानिक मध्यमवर्गीय पालकांना एकमेकांकडून कळतो. नवागतांच्या ओळखीपाळखीत ते सांगणारे कोणी नसते. त्यात मुलाची भाषा पालकांपेक्षा लवकर सुधारते आणि मूलच घरचा दुभाषा होते. डॉक्टरांकडे, बँकेत, सरकारी कचेरीत आणि शेवटी स्वतःच्याच शिक्षक-पालक भेटीतही तेच भाषांतर करते. त्यातून काही मुले लवकर समजूतदार होतात, हे खरे. पण अभ्यासाचे तास जातात आणि पालकांचा अधिकार क्षीण होतो. शाळेने निदान आपल्या भेटीसाठी तरी मुलाला दुभाषा करू नये. आणखी एक ताण शाळेला दिसत नाही: अनेक कुटुंबांत आई किंवा वडील आधी येतात, मुले काही वर्षांनी. जी भेट आनंदाची असायची तिथे दोन अनोळखी माणसे एका घरात राहू लागतात, आणि त्याच वर्षी शाळेलाही मुलाकडून सर्वाधिक अपेक्षा असते.

‘घरीही शाळेचीच भाषा बोला’ हा सल्ला शिक्षक सद्भावनेने देतात. तो देऊ नये. ज्या भाषेत पालक स्वतः अडखळतात त्या भाषेत ते मुलाशी सूचनांपलीकडे फारसे बोलत नाहीत. गोष्ट सांगणे, कारण समजावणे, वाद घालणे बंद होते, आणि मुलाच्या विचाराला खतपाणी घालणारे नेमके तेच असते. पीसातील घरच्या भाषेचा संबंध पाहून हा सल्ला सुचतो, हे मला ठाऊक आहे. परंतु घरी वेगळी भाषा असणे ही बहुधा अलीकडे आल्याची आणि संपर्क कमी असल्याची खूण असते, आणि खूण पुसल्याने कारण जात नाही.

शाळेच्या हातात काय आहे? अमेरिकेत १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिल्याने समान वागणूक होत नाही. ज्याला शिकवण्याची भाषाच समजत नाही तो शिक्षणाबाहेरच राहतो. वेगळी मदत हवी, यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो ती कुठे द्यायची यावर. ऑस्ट्रियाने २०१८ पासून स्वतंत्र जर्मन वर्ग सुरू केले, ज्यांत प्राथमिक स्तरावर आठवड्याला १५ आणि माध्यमिक स्तरावर २० तास भाषेसाठी जातात. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी असा वर्ग उपयुक्त असतो, मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते. मात्र तो लांबला की मूल भाषा शिकते आणि विषय गमावते. शिवाय ज्यांच्याकडून भाषा उचलायची त्या समवयस्कांपासूनच ते दूर राहते. स्वीडनमध्ये मुलाच्या भाषेतून विषय समजावून देणारा मार्गदर्शक देण्याची पद्धत आहे. जिथे तो खरोखर उपलब्ध होतो तिथे मला ती अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात भाषा येईपर्यंत अभ्यास थांबत नाही.

प्रश्नकर्त्यांच्या शाळेत हे सर्व होणार नाही, याची मला कल्पना आहे. उपलब्ध साधनांत सर्वाधिक फरक पडतो तो विषयशिक्षकांनी भाषेची जबाबदारी उचलल्याने. विज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोगाचा निष्कर्ष कसा लिहायचा, त्यात कोणते शब्द लागतात, हे दोन-तीन नमुना वाक्यांसह शिकवले, तर त्याचा लाभ स्थानिक गरीब मुलांनाही होतो. त्यांची अडचण पुष्कळदा हीच असते, फक्त तिला नाव नसते. तपासताना विषयाचे गुण आणि भाषेचे गुण वेगळे द्यावेत, म्हणजे इतिहास समजलेल्या मुलाला व्याकरणापायी इतिहासात नापास व्हावे लागणार नाही. काही उत्तरपत्रिका नाव झाकून तपासणे तर कोणालाही उद्यापासून करता येते.

आणि त्याआधी एक काम करावे. गेल्या काही वर्षांत शाळेत आलेल्या प्रत्येक नवागत विद्यार्थ्याची तीन वर्षे एका तक्त्यात मांडावीत: तो कोणत्या वर्षी आला, त्याचे भाषासाहाय्य कोणत्या वर्षी थांबले आणि त्याचे गुण कोणत्या वर्षी घसरू लागले. दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून पाहिल्यावर मदत किती काळ वाढवायची, याचे उत्तर त्या शाळेला बाहेरच्या तज्ज्ञाशिवाय मिळेल. आणि पुढच्या वर्षीच्या शाखानिवडीच्या बैठकीत प्रत्येक नवागताच्या नावापुढे त्याला या भाषेत शिकून किती वर्षे झाली, हा आकडा लिहिलेला असावा, असा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरता येईल.